पुकारा झालाच नव्हता, काकाजी

काकाजी, शोकसभेच्या बॅनरवरचा फोटो मीच निवडला. वकील मंडळींचा फोन आला, म्हणाले, साहेबांचे चांगले फोटो पांढरकवड्यात तुमच्याच स्टुडिओत असतील. होतेच. पण त्यातला एकही दिला नाही, आपल्या सिनेमातला दिला. काळा कोट, वर केलेला उजवा हात, मागे न्यायाधीशांची खुर्ची. बॅनर छापून आला. गुंडाळी करून काउंटरमागे उभा आहे, आणि चार दिवस झाले, मी त्याच्याकडे पाठ करून बसते आहे.

तुम्ही गेलात त्याला अकरा दिवस झाले. पहिले सात दिवस मी सरळ रडले. सख्खा बाप शेजारी बसलेला असताना बाप गेल्यासारखी रडले, आणि त्या बापालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आठव्या दिवशी तुमच्या मुन्शींचा, विठ्ठलरावांचा फोन आला. "ताई, तुमच्या बाबाची फाईल घिऊन जा. कपाट रिकामं करून राह्यलो."

वकील गेला की त्याचा मुन्शी एकेका पक्षकाराला बोलावतो आणि सही घेऊन त्याचे कागद परत करतो. ही रीत तुम्हीच मला सांगितली होती. "वकिलाचं खरं दहावं हेच पोरी, ज्याचा कागद त्याले." तेव्हा मी हसले होते.

फाईल लाल फडक्यात बांधलेली होती. गाठ सोडली तर सगळ्यात वर एकच कागद, तुमच्या अक्षरातला. तुमचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, सिनेमाची संहिता तुम्ही त्याच अक्षरात दुरुस्त करून दिली होती. कागदावर लिहिलं होतं: आरोपीतर्फे बचावाचा कोणताही साक्षीदार तपासावयाचा नाही. सबब बचावाचा पुरावा बंद करण्यात येत आहे. करिता पुरशिस सादर. खाली तारीख. खाली तुमची सही.

पुरशिस म्हणजे काय हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. वकिलानं स्वतः कोर्टाला लिहून दिलेलं चार ओळींचं निवेदन. हेही तुम्हीच शिकवलंत.

तारीखसुद्धा मला पाठ होती, काकाजी. त्या दिवशी मी तिथे होते.

बाबा तेव्हा इथल्या एका कापसाच्या जिनिंगवर ट्रक चालवायचे. ट्रकभर रुईच्या गाठी जिथे पोचायच्या तिथे पोचल्या नाहीत, आणि मालकानं बाबांवर अफरातफरीची तक्रार केली. बाबांचं म्हणणं एकच. मालकानंच आर्णीजवळच्या आपल्या दुसऱ्या गोदामात गाठी उतरवायला सांगितल्या, आणि आता हात वर केले. हे डोळ्यांनी पाहणारा माणूस एकच होता, गोदामासमोरच्या वजनकाट्यावरचे अजीजचाचा. दुसरं कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. चाचा म्हणाले, "म्या पाह्यलं तं म्या सांगतो. त्यात काय हाये?" तुम्ही वकीलपत्र घेतलंत तेव्हा आमचा सगळा मोहल्ला म्हणाला, आता सुटला.

मी चौदा वर्षांची होते. आई कामावर गेलेली. मला पाठवलं, चाचांजवळ बस, म्हातारा माणूस एकटा नको. चाचा आर्णीहून पहिल्या गाडीनं आले होते, इस्त्रीचा कुर्ता घालून. आम्ही दोघं कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली बसलो. थोड्या थोड्या वेळानं दारातून शिपायाचा, देवरावमामांचा पुकारा यायचा. अमुक वल्द तमुक, हाजिर हाय का? तीनदा. हायवेवर ट्रक वाजत असायचे, तरी तो आवाज रस्त्याच्या पलीकडच्या टपरीपर्यंत जायचा. दर पुकाऱ्याला चाचा अर्धे उठायचे, टोपी सारखी करायचे आणि पुन्हा बसायचे. डबा उघडला नाही त्यांनी. म्हणाले, "तोंडात घास असला आन् नाव आलं तं?" पाच वाजले. कोर्ट उठलं. नाव आलं नाही.

तुम्ही बाहेर आलात. चाचा उभे राहिले. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "पुकारा तोंडातल्या तोंडात देल्ला पोरी. शिपाई मॅनेज झाला. जजसाहेबानं गैरहजर लिहिलं आन् पुरावा बंद केला. मी ओरडलो, पण ऐकते कोण?"

चौदा वर्षांच्या पोरीला तुम्ही हे सांगितलंत. आणि तुमचा आवाज कापत होता म्हणून मला वाटलं, हा माणूस आमच्यासाठी रडतो आहे.

बाबा आत होते. त्यांना काय दिसलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. "सामने सगळे हळू आवाजात बोलले. मले समजलं नाही. वकीलसाहेबानं एक कागद देल्ला, जजसाहेबानं मुंडी हालवली." आम्ही कोणी त्यावर विचार केला नाही. वकील कागद देणार नाही तर काय भाजी देणार? बाबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. चाचा मात्र मरेपर्यंत प्रत्येकाला सांगत राहिले, "म्या गेलतो रे. दिवसभर बसलो. मले आवाजच नाही देल्ला."

पुढचं खोटं कसं म्हणू? बाबा यवतमाळच्या तुरुंगात होते तेव्हा दर महिन्याला भेटायला जाणारे तुम्हीच होता. आमचे नातेवाईक नव्हते जात. बाबा सुटून आल्यावर त्यांना ट्रक कोणी देईना, तेव्हा तुम्ही चार ठिकाणी जाऊन त्यांच्यासाठी जामीन राहावं तसं बोललात. मी कॅमेरा धरायचं ठरवलं तेव्हा घरातले म्हणाले, पोरीच्या जातीनं लग्नांत शूटिंग करत फिरायचं का? तुम्ही येऊन आमच्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, "काहून नाही? लग्नात अर्ध्या बायाच असतात, त्यायचे फोटो कोण काढन?" स्टुडिओची फीत तुम्ही कापली. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे पाड्यांवरच्या माणसांच्या केसेस तुम्ही वर्षानुवर्षं लढलात, जंगलखात्याच्या केसेस, कोणी हात लावत नव्हतं त्या. हे सगळं खरं आहे. हे सगळं मी उद्या शोकसभेत रडत रडत सांगणार होते.

आणि म्हणूनच मी सिनेमा केला. 'बाहेर उभा साक्षीदार'. चाळीस मिनिटांचा, लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढलेला, आर्णीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कोर्ट उभं करून. रफीक टेलर न्यायाधीश झाले आणि दर शॉटच्या आधी स्वतःचीच कॉलर तपासत राहिले. वकिलाचं काम कोणी करायचं यावर चर्चाच झाली नाही. खरा वकील घरात असताना नट कशाला शोधायचा? तुम्ही नाही म्हणालात. मी हट्ट केला. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. मग मी म्हटलं, काकाजी, बाबांसाठी. तेव्हा तुम्ही कोट घेऊन आलात.

त्या एका वाक्यापाशी आपलं शूटिंग अख्खा दिवस अडकलं होतं, आठवतं? शिपाई दारात पुटपुटून परत येतो, न्यायाधीश लिहू लागतात आणि वकील हात वर करून ओरडतो, "साहेब, माझा साक्षीदार बाहेर उभा आहे!" एवढंच वाक्य. कलमं आणि निकाल तोंडपाठ असलेला माणूस, आणि हे वाक्य आलं की तुमची जीभ अडखळायची. कधी "साक्षीदार" गळायचा, कधी "माझा". अकरा टेक झाले. रफीकभाई म्हणाले, "वकीलसाहब, अब मैं ही बोल दूँ क्या?" सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. तुम्ही कोट काढून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलात. मी पाणी घेऊन आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून तेच वाक्य पुटपुटत होता. मी त्याला वय समजले.

बॅनरवरचा फोटो त्याच शॉटचा आहे. बाराव्या टेकचा.

आणि शेवटावरून आपलं भांडण. तीन दिवस चाललं. तुम्ही म्हणत होता, "हा वकील एवढा धुतलेला नको पोरी. याले एखादा डाग ठिव." मी म्हणत होते, डाग असला तर लोक टाळ्या कशा वाजवतील? तुम्ही म्हणालात, "टाळ्यायसाठी करून राह्यली का?" मी चिडले. म्हटलं, हो, टाळ्यांसाठीच, माझ्या बापासाठी वाजलेल्या मला एकदा ऐकायच्या आहेत. त्यावर तुम्ही संहिता मिटून ठेवलीत. मला वाटलं, मी जिंकले.

आता कळतंय, तुम्ही सांगायचा प्रयत्न करत होता. पण असा? एवढं मोठं सांगायचं आणि ते संहितेतल्या सुचवणीसारखं? मी समोर बसले होते, काकाजी. चहाचा कप तुमच्या हातात मी दिला होता. "तो वकील मीच, आणि तो कागद मीच दिला," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? तुम्ही जन्मभर लोकांना खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावलीत आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा माझ्या सिनेमाच्या आड जाऊन उभे राहिलात.

का केलंत, तेही कळलं. विठ्ठलरावांना मी सोडलंच नाही. कागद त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, हे काय आहे? ते बराच वेळ फडक्याची घडी करत बसले. मग म्हणाले, "आदल्या दिवशी मोठ्या साहेबानं चहाले बोलावलं होतं." मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली तुम्ही वकिली शिकलात. ते जिनिंगच्या मालकाचे सल्लागार होते. "साहेबानं शब्द टाकला. म्हणे, तो काट्यावाला आला तं मालकाचं नाव येते. नको आणू. तुहा ड्रायव्हर तसाही सुटते, पुरावाच कच्चा हाये. आमच्या साहेबाले नाही म्हणता नाही आलं ताई. गुरू होता नं."

भिडेखातर. माझ्या सिनेमात न्याय टेबलाखालून विकला जातो, त्यासाठी मी रफीकभाईंच्या हातात जाडजूड पाकीटही दिलं होतं. खऱ्या कोर्टात पाकीट नव्हतंच. गुरूनं चहा पाजला आणि शिष्यानं मान तुकवली. मोठ्या साहेबांचा फोटो तुमच्या ऑफिसात होता आणि त्याला दर गुरुवारी नवा हार असायचा. कितीतरी गुरुवारी तो हार मीच बदलला आहे. लाच घेतली असती तर तुम्हाला शिव्या तरी देता आल्या असत्या. या भिडेला मी काय शिवी देऊ?

आणि तरी, हेही मी कदाचित गिळलं असतं. माणूस घसरतो. तुम्हाला वाटलं असेल बाबा सुटतील. नाही सुटले, आणि मग अठरा वर्षं तुम्ही ते फेडत राहिलात, असं मनाला समजावता आलं असतं. पण देवरावमामांचं काय?

सिनेमा सांस्कृतिक भवनात लागला, मग मोबाईलवर गावोगाव फिरला. शिपायाचं नाव मी बदललं होतं. पण पांढरकवड्याच्या कोर्टात पुकारा कोण द्यायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत. लोक देवरावमामांना रस्त्यात विचारू लागले, "काय मामा, किती घेतलते?" पोरं मागून तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. नातीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा तो विषय काढला म्हणे. एक दिवस मामा माझ्या स्टुडिओत आले. निवृत्त माणूस, हातात पिशवी. बसले नाहीत. म्हणाले, "बाई, बत्तीस वर्षं पुकारा देल्ला म्या. त्या दिवशी अजीजचं नाव माह्याकडं आलंच नाही. नाव आलं असतं तं आर्णीपर्यंत ऐकू गेलं असतं. तुह्या वकीलसाहेबाले इचार."

मी विचारलं होतं तुम्हाला, काकाजी. त्याच संध्याकाळी. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता. ते खाली न करता म्हणालात, "म्हातारा झाला तो. इसरला असन. जाऊ दे."

मी जाऊ दिलं. तुम्ही म्हणालात म्हणून. देवरावमामा पुन्हा आले नाहीत. समोरून दिसले तर रस्ता बदलायचे, आणि मी मनात म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं. त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या कागदाला एक वेळ कारण होतं. त्या संध्याकाळी वर्तमानपत्रामागून बोललात त्याला काय कारण होतं? मोठे साहेब तर केव्हाच गेले होते. तेव्हा फक्त स्वतःचं नाव वाचवायचं होतं, आणि ते माझ्या कॅमेऱ्यानं मोठं केलेलं नाव होतं.

कागद दोन दिवस माझ्या पर्समध्ये होता. बाबांना सांगायचं की नाही? या वयात त्यांच्या देवाला कसा हात लावायचा? शेवटी दुपारी त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मी म्हटलं, बाबा, शिव्या द्या. काहीतरी बोला.

"दर महिन्याले येत होता तो," बाबा म्हणाले. "जाळीच्या पलीकडून म्हणे, भाऊ, मले माफ कर. मी म्हणो, तुमचा काय दोष साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मी उठू लागले तर म्हणाले, "माह्यी दोन वर्षं गेली ते गेली. देवरावची सजा तं आताही चालू हाये. तू इथं काय करून राह्यली?"

मी तशीच उठले.

देवरावमामा ओट्यावर तूर निवडत बसले होते. मला पाहून आत जायला निघाले. मी म्हटलं, मामा, थांबा, चुकलं माझं. कागद काढला. हळू आवाजात वाचू लागले, कारण लाज वाटत होती, आणि शेजारच्या घरांतल्या बाया दारात येऊन उभ्या होत्या. मामांनी हात वर केला.

"असा नाही," म्हणाले. "सिनेमा तं भोंगा लावून दाखवला तुनं. आता तोंडातल्या तोंडात कायले वाचते? तिथं रस्त्यावर उभी राय. मोठ्यानं वाच. तीन खेपा."

मी रस्त्यावर उभी राहिले, काकाजी. पहिल्या वेळी आवाज फुटला नाही. मामा ओट्यावरून म्हणाले, "ऐकू नाही येत." दुसऱ्या वेळी समोरच्या पिठाच्या चक्कीवाल्यानं चक्की बंद केली. तिसऱ्या वेळी मी पुरशिस वाचली, तारीख वाचली आणि खालचं तुमचं पूर्ण नाव वाचलं. ज्या नावापुढे मी आजवर कधी एकेरी शब्द काढला नाही, ते नाव मी रस्त्यात उभी राहून ओरडले. मग तिथेच बसले आणि रडले. मामांनी नातीला पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वकील चांगला होता बाई. म्हणूनच कोणी माह्यं ऐकलं नाही."

उद्या शोकसभा आहे. मला सांगितलंय, सिनेमा लावा, साहेबांना तीच श्रद्धांजली. मी सिनेमा लावणार नाही. मोबाईलवर जिथे जिथे माझ्या हातात होता तिथून काढला, लोकांनी ठेवला असेल त्याला इलाज नाही. बॅनर मात्र लावणार आहे. तुम्ही हात वर केलेले तिथे असाल, बाराव्या टेकमधले.

तुमचा डाग मी ठेवते आहे, उशिरा का होईना. तुमचे उपकारही सांगेन, एकही गाळणार नाही, तुरुंगातल्या भेटींपासून स्टुडिओच्या फितीपर्यंत. पण आधी हा कागद वाचेन. मी काल संयोजकांना सांगून ठेवलंय की भाषण करण्याआधी मला नावानं बोलवायचं, आणि ते नाव माईकवरून कोणी घ्यायचं नाही. देवरावमामा येणार आहेत. दारात उभे राहून पुकारा तेच देणार आहेत, आणि पहिलं नाव माझं नाही, अजीजचाचांचं आहे.